वॅट सांगता, आयुष्य का सांगत नाही?

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.

विषय : स्वस्त घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर खरी ओढ (हवा खेचण्याचा जोर), मोटरचं आयुष्य आणि सुट्या भागांची हमी छापण्याबाबत.

महोदय,

पुण्यातल्या एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानातून हे पत्र लिहितो आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर हे आमचं रोजचं काम. व्हॅक्यूम क्लीनर पूर्वी क्वचित यायचे. आता घटस्थापना झाली की ते रिक्षात घालून, पिशवीत कोंबून यायला लागतात, आणि त्यातले बरेच दुरुस्त न होता परत जातात. बिघाड मोठा असतो असं नाही, पण सुटा भाग मिळत नाही.

ही यंत्रं घेणारी माणसं कोण, हे आधी सांगायला हवं. दोन खोल्यांचा किंवा वन बीएचके फ्लॅट, बाजूला नवीन इमारतीचं काम चालू, घरात कुणाला तरी दम्याचा किंवा धुळीचा त्रास. तीन हजारांपासून आठ हजारांपर्यंतचं यंत्र ते घेतात. गालिचा आपल्याकडे नसतो. लादी झाडू आणि फडक्याने होते. यंत्र लागतं ते गादीसाठी, सोफ्याच्या फटींसाठी, पंख्याच्या पात्यांसाठी, सरकत्या खिडकीच्या खाचेत बसलेल्या मातीसाठी आणि माळ्यावरच्या जळमटांसाठी. परदेशी जाहिरातीतला गुबगुबीत गालिचा बघून यंत्र निवडलं की पहिली गल्लत तिथेच होते.

युरेका फोर्ब्जने १९८२ पासून घरोघरी विक्रेते पाठवून आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर विकला. टाय लावलेला विक्रेता घरात यायचा, आपल्याच गादीवर यंत्र फिरवायचा आणि निघालेली धूळ आपल्यालाच दाखवायचा. त्याच्या चिकाटीवर कितीही विनोद झाले असले, तरी गिऱ्हाईक यंत्र चालताना बघून पैसे देत होतं. आता मोबाइलच्या पडद्यावर चौकोनी फोटो आणि त्याखाली तीन आकडे असतात : वॅट, किलोपास्कल म्हणजे ओढ, आणि लिटर म्हणजे डब्यात कचरा किती मावतो ते. गिऱ्हाइकाच्या हाती एवढंच येतं, आणि या तिन्हींतून यंत्र कसं काम करेल ते कळत नाही. किती वर्षं टिकेल, हे तर अजिबातच नाही.

वॅटचंच घ्या. १६०० वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं. एखादा माणूस पोळ्या किती खातो यावरून तो काम किती करेल हे ठरवावं, तशातला हा प्रकार आहे. हवेचं प्रत्यक्ष काम म्हणजे ओढ आणि वाहणारी हवा यांचा गुणाकार. नळीच्या तोंडाशी ८ किलोपास्कल ओढ असताना सेकंदाला २० लिटर हवा आत जात असेल, तर ते १६० वॅटचं काम झालं. उरलेली वीज उष्णतेत आणि आवाजात जाते. चांगल्या यंत्रातसुद्धा खाल्लेल्या विजेच्या निम्म्याहून बरंच कमी काम हवेपर्यंत पोचतं. पंख्याचं पातं ओबडधोबड असेल, झाकणाचं रबर नीट बसत नसेल, नळी अरुंद असेल, तर १६०० वॅटचं यंत्र १००० वॅटच्या यंत्रामागे पडतं. आमच्या दुकानात हे अनेकदा दिसलं आहे.

शिवाय १६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ७ अँपिअर. हॉलमधला साधा सॉकेट ६ अँपिअरचा. पॉवर प्लग असतो तो गीझरपाशी, नाहीतर फ्रिजमागे. मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो, तो तापतो, पिन काळी पडते आणि दोष यंत्राला मिळतो. जास्त वॅट म्हणजे जास्त दम, ही समजूत खोक्यावरच्या ठळक आकड्यानेच लोकांच्या डोक्यात भरवली आहे.

किलोपास्कलचा आकडा जरा बरा, पण तोही अर्धाच खरा. नळीचं तोंड पूर्ण बंद करून, हवा वाहू न देता जी ओढ मिळते, ती खोक्यावर छापतात. हवाच वाहत नसेल तर कचरा जाणार कुठून? आणि हवा सर्वांत जास्त वाहते तेव्हा ओढ जवळजवळ नसते. ओढीचा आकडा एका टोकाचा, वाहणाऱ्या हवेचा कुठे छापला असेल तर तो दुसऱ्या टोकाचा. दोन्ही एकाच जाहिरातीत शेजारी शेजारी. गादीवर नळी टेकवल्यावर यंत्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं, आणि त्या मधल्या जागेचा आकडा कुणी देत नाही.

आम्ही तो आमच्या पद्धतीने काढतो. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप भिंतीवर इंग्रजी यू अक्षरासारखा लावून त्यात निळीचं पाणी भरलं आहे. १ किलोपास्कल म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर पाणी. १७ किलोपास्कलचा दावा खरा असेल तर दोन्ही बाजूंच्या पाण्यात जवळपास पावणेदोन मीटरचा फरक पडला पाहिजे. काही यंत्रं तेवढा पाडतात, काही बरीच खाली थांबतात. मग नळीच्या तोंडाशी लहान-मोठ्या भोकांच्या चकत्या लावून पाहतो, म्हणजे हवा वाहत असताना ओढ किती उरते ते कळतं. शेवटी चाळलेली रांगोळी ओढायला लावतो आणि तीच मोजणी पुन्हा करतो. खरा फरक इथे उघडा पडतो. रिकाम्या डब्याने तालेवार वाटणारं यंत्र थोडी बारीक पूड आत गेल्यावर धापा टाकायला लागतं, कारण त्याचा फिल्टर तळहाताएवढा असतो. कागदी पिशवी आणि मोठा घडीदार फिल्टर असलेलं कमी वॅटचं यंत्र मात्र त्याच चालीने चालत राहतं. ही प्रयोगशाळा नव्हे, हे आम्हालाही कळतं. पण भिंतीवरच्या पाइपने एवढं दिसत असेल, तर आपल्या अखत्यारीतल्या भारतीय मानक ब्युरोला काय अवघड आहे?

सरकारी चाचणीही डब्यात किंवा पिशवीत धूळ असतानाच व्हावी असा माझा आग्रह आहे, आणि त्यालाही कारण आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं केलं. वर्गवारी होती, कार्यक्षमतेचे गुण होते, सगळं होतं. पण चाचणी रिकाम्या डब्याने किंवा पिशवीने व्हायची. ब्रिटनची डायसन कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ते लेबलच रद्द केलं. घरात यंत्र जसं वापरतात तशा स्थितीत मोजायला हवं, असा त्या निकालाचा रोख होता. जानेवारी २०१९ पासून ते लेबल गेलं. आपण उशिरा सुरुवात करतो आहोत, तर निदान त्यांची ठेच आपल्याला पुन्हा लागू नये.

आता टिकाऊपणाकडे येतो. खरं तर पत्र त्यासाठीच आहे.

या यंत्रांची मोटर मिक्सरच्याच जातीची, पण त्याहून वेगाने फिरणारी. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे सहज. तिच्या कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, दोन कार्बनचे ठोकळे घासत असतात. कार्बन झिजणं हा दोष नाही, तो झिजण्यासाठीच असतो. जोडी स्वस्त असते, बदलायला फार वेळ लागत नाही. पण अनेक स्वस्त यंत्रांत कार्बनचं घर असं बंद केलेलं असतं की मोटर फोडल्याशिवाय हात जात नाही. कार्बन संपतो, ठिणग्या उडतात, कम्युटेटर खरवडला जातो, आणि थोडक्यात भागलं असतं तिथे आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भागच, जातं. आर्मेचर मिळत नाही, अख्खी मोटर घ्या म्हणतात. मोटरही मिळत नाही, कारण तिच्यावर नाव नाही, क्रमांक नाही, काही नाही. एकाच साच्यातलं यंत्र तीन वेगळ्या नावांनी विकलेलं आम्ही उघडून पाहिलं आहे. आत मोटर तीच, पण ती कुठून आणायची हे तिघांपैकी एकाही सर्व्हिस सेंटरला सांगता येत नाही. मग पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, मापं घेऊन फिरायचं, जुळेल ती मोटर शोधायची आणि रबराच्या पट्ट्या लावून बसवायची. मुंबईचे कारागीर त्यासाठीच लोहार चाळ पालथी घालतात.

मोटर कशी थंड होते यावर तिचं आयुष्य ठरतं, आणि हे खोक्यावर कधीच नसतं. काही यंत्रांत ओढलेली हवाच फिल्टरमधून गाळून मोटरवरून जाते. फिल्टर तुंबला की हवा थांबते आणि मोटर भाजते. अशा वेळी आवाज चढतो. लोकांना वाटतं मोटरवर ताण आला. उलट आहे : हवा नसल्याने भार कमी होतो, फेरे वाढतात, आणि गार करणारं काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारात मोटरला थंड करायला वेगळा पंखा आणि वेगळी वाट असते. कचऱ्याची हवा तिच्या अंगाला लागत नाही. ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या ड्रमच्या यंत्रांत ही सोय असते, कारण पाणी मोटरवरून नेता येत नाही. म्हणून पाच-सहा हजारांच्या आत काय घेऊ असं विचारणाऱ्याला मी ड्रमचं यंत्र सुचवतो. दिसायला बेढब, ठेवायला अडचणीचं, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारतात. पण टिकतं. फक्त पाणी ओढून झाल्यावर डबा कोरडा न करता माळ्यावर टाकू नये. कोकणातल्या पावसाळ्यात तर बेअरिंग गंजायला एक मोसम पुरतो.

हातात धरायचं वायरवालं यंत्र दिसायला सुबक, पंख्यापर्यंत पोचतं, जिना झाडायला झकास. आयुष्य मात्र फिल्टर कोण किती वेळा धुतो यावर. आणि धुतलेला फिल्टर ओलाच बसवला तर वास येतो, मग मोटर जाते. बिनवायरीच्या स्वस्त यंत्रांबद्दल माझं मत वाईट आहे. पाच हजारांच्या आतल्या यंत्रात बॅटरीचे चार-सहा सेल डाग देऊन बंद केलेले असतात. ते थकले की नवीन पॅक मिळत नाही, मिळालाच तर किमतीचा मोठा वाटा त्यातच जातो. जमिनीवर आपोआप फिरणारे रोबो या भावात बसत नाहीत, म्हणून सोडून देतो.

नळीचंही थोडं. नळी गळ्याशी फाटते, नेहमी तिथेच. दोन इंच कापून पुन्हा बसवता येते, पण टोकाचा प्लास्टिकचा कॉलर चिकटवलेला असेल तर तोही जातो. युरोपच्या २०१३ च्या नियमांत याची चाचणी आहे : नळी ४०,००० वेळा वाकवूनही वापरण्याजोगी राहिली पाहिजे. आणि मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे. लेबल रद्द झालं तरी हे नियम राहिले. त्याच नियमांनी सप्टेंबर २०१७ पासून वीज ९०० वॅटच्या खाली आणि आवाज ८० डेसिबलच्या मर्यादेत ठेवायला लावला. तिथे गालिचेही ९०० वॅटच्या आत झाडले जातात. आपल्या टाइल्सच्या घरांना मात्र १६०० आणि २००० वॅटची यंत्रं दिमाखात विकली जातात.

या ५०० तासांचा आपल्या वॉरंटीशी हिशेब लावून पाहावा. आठवड्याला एक तास यंत्र चालवलं तरी ५०० तासांना साडेनऊ वर्षं लागतात. आपल्याकडची बहुतेक घरं आठवड्याला वीस मिनिटंही चालवत नाहीत; चालवली असं धरलं, तरी वर्षाचे साधारण १७ तास होतात. म्हणजे एक वर्षाची वॉरंटी ही प्रत्यक्षात १७ तासांची हमी. त्यातून नळी, फिल्टर आणि कार्बन बहुतेक वेळा वगळलेले. तेरा महिन्यांचं, जेमतेम वापरलेलं यंत्र घेऊन एखाद्या आजी दुकानात येतात आणि म्हणतात, "अरे, दिवाळीला दोनदाच तर काढलंय." त्यांना उत्तर काय द्यायचं?

आपल्या विभागाने या दिशेने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली, त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी त्याचं पोर्टल सुरू झालं. दुरुस्तीयोग्यतेच्या गुणांकासाठी समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. पण त्यात सुरुवातीला आहेत मोबाइल आणि टॅबलेट. फ्रान्सने असा गुणांक २०२१ मध्ये आणला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात व्हॅक्यूम क्लीनर घातले; वायरवाले, बिनवायरीचे आणि रोबोही. दहापैकी गुण दुकानातच किमतीशेजारी लावायचे. उघडायला किती सोपं, सुटे भाग किती वर्षं मिळतील, त्यांची किंमत यंत्राच्या मानाने किती, असे त्याचे निकष आहेत. आपल्या यादीचा पुढचा टप्पा ठरवताना फ्रिज-टीव्हीच्या रांगेत या यंत्राला फार मागे उभं करू नका. स्वस्त वस्तू दुरुस्त होत नाही तेव्हा ती फेकली जाते, आणि फेकण्याचा भुर्दंड सर्वांत जास्त तिच्याच मालकाला पडतो.

दुसरी एक गंमत पाहा. २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आहे. त्या नियमांत उत्पादकाने किती माल पुनर्चक्रणाला द्यायचा, हे वस्तूचं सरासरी आयुष्य धरून ठरतं. म्हणजे भंगारात जाणाऱ्या यंत्राच्या आयुष्याचा आकडा सरकारदरबारी धरलेला असतो, विकत घेताना मात्र तो कुणी सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ गिऱ्हाइकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक कळण्याचा हक्क देतो. मोटर किती तास चालेल हे दर्जात बसत नसेल, तर दर्जात बसतं तरी काय?

मागणी मोठी नाही. एकाच पद्धतीने, डब्यात धूळ असताना, नळीच्या तोंडाशी मोजलेली ओढीची ताकद वॅटच्या आकड्याएवढ्याच टायपात छापावी. मोटरच्या आयुष्याचे तास छापावेत. कार्बन, फिल्टर, नळी आणि बॅटरी किती वर्षं मिळतील आणि आज काय भावाला मिळतात, हे लिहावं. मोटरवर तिचा क्रमांक आणि माप कोरलेलं असावं. एवढ्या एका गोष्टीने आमचं निम्मं काम सोपं होईल. कार्बन बाहेरून बदलता यावा. हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा फिल्टर) असं लिहायचं असेल तर त्याचा वर्ग लिहावा, नाहीतर तो शब्दच काढावा : एच १३ वर्गाचा फिल्टर सर्वांत निसटत्या आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो, आणि झाकणाच्या फटीतून हवा पळत असेल तर त्या फिल्टरचाही उपयोग नाही. दम्याच्या मुलासाठी यंत्र घेणारी आई तो शब्द वाचून पैसे मोजते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ च्या आपल्याच मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांच्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एकदा ही खोकी तपासून पाहावीत.

चाचणीची धूळ कोणती घ्यायची, हेही आपलं आपण ठरवावं. परदेशी मानकांतली प्रमाणित धूळ घ्याच, पण जोडीला बांधकामाची बारीक पूड, मराठवाड्यातली काळी माती, कोकणातली तांबडी, असंही काही असू द्या. व्होल्टेज २३० वर ठेवाच, पण १९० वरही एकदा चालवून पाहा. पुण्याबाहेर थोडं गेलं की ते आम्हाला रोज दिसतं.

यावर उत्तर येईल ते मला ठाऊक आहे : चाचण्यांनी किंमत वाढेल, गरिबाला यंत्र परवडणार नाही. काही प्रमाणात ते खरं असेल. पण चाचणी प्रत्येक यंत्राची नसते, नमुन्याची असते, आणि हजारो यंत्रांवर तो खर्च विभागला जातो. उलट आज दर दोन वर्षांनी चार हजारांचं नवं यंत्र घेणाऱ्याला ते परवडतं, असं कुणी कोणत्या हिशेबाने ठरवलं? लहान उत्पादकांना वेळ हवा असेल तर द्या. ऊर्जा दक्षता ब्युरोने फ्रिज आणि एसीवरचे तारे सक्तीचे करण्याआधी ऐच्छिक ठेवले होतेच. इथेही तोच रस्ता चालेल.

चाचणीची पद्धत ठरवणाऱ्या समितीत कारखानदार, आयातदार आणि प्राध्यापक असतीलच. एखाद-दोन दुरुस्ती करणारेही बसवा. दिल्लीचे, लुधियानाचे, कोइमतूरचे, कुठलेही. इकडे चौकशी करायची असेल तर दुकानातली जळकी आर्मेचर आम्ही भंगारवाल्याला न देता पोत्यात साठवली आहेत, यंत्राचा प्रकार आणि बिघाडाचं कारण चिठ्ठीवर लिहून. हवी तेव्हा पाठवतो. फक्त दिवाळीआधीचे दोन आठवडे सोडून बोलवा. तेव्हा दुकान बंद ठेवून येणं जमणार नाही.

कळावे,
आपला,
एक दुरुस्ती कारागीर, पुणे

प्रत माहितीसाठी : महासंचालक, भारतीय मानक ब्युरो, महासंचालक, ऊर्जा दक्षता ब्युरो.